ई-चलन भरण्यापूर्वी छायाचित्र पाहावे

महोदय,

पाचशे रुपयांसाठी हेलपाटे कोण घालणार, या विचाराने अनेक वाहनधारक न केलेल्या चुकीचेही ई-चलन निमूटपणे भरतात, हे मला पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या नियमभंगाची सूचना १५ दिवसांत पाठवली जायला हवी आणि तिच्यासोबत वाहन क्रमांक दिसणारे छायाचित्र, तारीख, वेळ व ठिकाण असायला हवे. छायाचित्रात आपलीच चूक दिसत असेल, तर दंड भरावा. मात्र क्रमांक चुकीचा वाचला गेला असल्यास राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवर तक्रार नोंदवायलाच हवी, कारण ती चूक आपल्या नावावर राहिली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालील ५०० रुपयांचा दंड पुढच्या वेळी १५०० पर्यंत जातो. अशी तक्रार फेटाळताना पोलिसांनी लेखी कारण द्यावे, ही विनंती.

– एक दुचाकीस्वार, पुणे