एचएमटी तांदूळ आणि चोरीची भाषा

संपादक साहेब,

मागे तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की दुसऱ्यानं काढलेल्या वाणाचं बियाणं फुकटात वापरणारा शेतकरी म्हणजे सरळसरळ चोर, ज्याचं डोकं त्याची मालकी, विषय संपला. वाचून डोकं तापलं, कारण चोर ठरवायला बसलोच तर सुरुवात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यापासून करावी लागेल आणि मग भल्याभल्यांची पंचाईत होईल.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबी वेगळ्या दिसल्या, दाणा बारीक, रंग पिवळसर. आपण कापणीच्या घाईत असलं काही बघतो का, विळा चालवतो नि पुढं सरकतो. या माणसानं त्या लोंबी जपून ठेवल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरं घुसू नयेत म्हणून भोवती काट्याकुट्यांचं कुंपण केलं आणि वर्षानुवर्षं निवड करत गेला. वाण बाजारात गेलं तेव्हा एचएमटी घड्याळाची क्रेझ होती, म्हणून तांदळाला नाव पडलं एचएमटी. ज्यानं काढलं त्याचं नाही, घड्याळाचं! १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं, शुद्धीकरण केलं आणि १९९८ ला पीकेव्ही (म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ) एचएमटी म्हणून वाण बाहेर काढलं. व्यापारी, मिलवाले, बियाणेवाले सगळ्यांनी कमावलं. दादाजींना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पण मिळाला, पण रॉयल्टीचा रुपया नाही, आणि ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा उपचारासाठी पैशाची मारामार होती.

आता सांगा, ज्याची मेहनत त्याचा हक्क हे तत्त्व इथं का नाही लागलं? तेव्हा कायदाच नव्हता हे खरं आहे. आपल्याकडे पेटंट कायद्यात झाडं नि बियाणं बसतच नाहीत, त्यासाठी पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला तो २००१ मध्ये. पण ती मेहनत काय २००१ नंतरच सुरू झाली का? कायदा नव्हता म्हणून नैतिक हक्क नव्हता असं म्हणायचं असेल तर मग नैतिकतेच्या गप्पा मारू नका, सरळ म्हणा की ज्याच्याकडे कागद त्याचं वाण.

आणि मी दादाजींचा कितीही अभिमान बाळगला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती पटेल-३ सुद्धा जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाची, आणि त्या शास्त्रज्ञाच्या हाताला आलेलं धान पण कुणीतरी पिढ्यानपिढ्या पेरत आलेलंच होतं. त्यामुळे मेहनतीच्या जोरावर नाव मागता येतं, विकून कमावणाऱ्याकडून वाटा मागता येतो, पण शेजाऱ्यानं घरचं बी ठेवलं म्हणून त्याला कोर्टात खेचायचा हक्क त्यातून येत नाही.

तुमचे वाचक म्हणतील की मग नवीन वाण काढेल कोण. हा प्रश्न मला जास्त वजनदार वाटतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. धानाचं बी एकदा विकलं की पुढच्या वर्षी शेतकऱ्याचं घरचं तयार, त्याच्याकडून पाहुण्यांकडे, काढणाऱ्याला गिऱ्हाईक एकदाच. हायब्रीडचं, म्हणजे संकरित बियाण्याचं तसं नाही, दुसऱ्या पिढीत पीक एकसारखं येत नाही म्हणून दरवर्षी दुकानात जावंच लागतं, तिथं कुलूप बियाण्यातच आहे. म्हणूनच कंपन्या कापूस, मका, भाजीपाल्याच्या हायब्रीडमागं धावल्या आणि आमचं साधं धान राहिलं विद्यापीठांच्या आणि दादाजींसारख्या वेड्यांच्या भरवशावर. तेव्हा काढणाऱ्याला काहीतरी मिळायला पाहिजे हे पटतं, झाडं नि द्राक्षासारख्या वेलींना १८ वर्षं, धानासारख्याला १५ वर्षं संरक्षण कायद्यात आहे, असू द्या. पण भाव कोण ठरवणार? २००२ ला बीटी कापसाचं ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या घरात होतं, त्यात कंपनीची तंत्रज्ञानाची फीच केवढी, सरकारं मध्ये पडली तेव्हा भाव खाली आला. आणि भाव उतरल्यावर काही बियाणं गायब झालं नाही बाजारातून.

बरं कायदा आला तरी काय झालं बघा. कलम ३९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शेतकरी बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकू पण शकतो, फक्त ब्रँडचं नाव लावून नाही. तरी २०१९ मध्ये गुजरातेत पेप्सिको कंपनीनं आपल्या वेफर्सच्या बटाट्याचं नोंदणीकृत वाण लावलं म्हणून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीच्या वर दावा टाकला. बोंबाबोंब झाली तेव्हा मे महिन्यात केसेस मागं घेतल्या. समजा नसती झाली तर? दोन-चार एकरवाला दिवाणी कोर्टात कलम ३९ वाचून दाखवत बसला असता आणि वकिलाच्या फीपायी जमीन गेली असती.

त्याच कायद्यात शेतकऱ्यानं स्वतः काढलेलं वाण नोंदवायला फी नाही. पण फॉर्म भरायचा, वाण वेगळं आहे, एकसारखं आहे, दर पिढीत तसंच राहतं हे दाखवायचं, हे तिसरी शिकलेल्या माणसानं कसं करायचं? कंपनीकडे त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट असतं. कृषी खात्याला माझं एवढंच म्हणणं आहे की रोवणीच्या आधी गावोगाव सभा घेता, फोटो काढता, त्याच सभेत विचारा की कुणाकडे घरचं निवडलेलं वाण आहे का, आणि असेल तर फॉर्म तुमच्या कृषी सहाय्यकानं भरून पाठवावा. आणि विद्यापीठानं एचएमटीच्या प्रत्येक पिशवीवर दादाजी रामाजी खोब्रागडे हे नाव ठळक अक्षरात छापावं, त्याला ना कोर्ट लागतं ना बजेट.

– एक धान उत्पादक, ब्रह्मपुरी