टोळ्या निघण्याआधी म्हाताऱ्यांच्या जोड्या लावा

संपादक महोदय,

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलातच परततात. बाकीची तरणी पोरं पुण्याला, चाकणला. गावात राहतात ती म्हातारी माणसं. काहींच्या सोबतीला नातवंडं, काही अगदी एकटी.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. श्रावणबाळचा पगार आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पण बँकेत अंगठा उठत नाही तेव्हा शेजारी उभं कोण राहणार? रात्री छातीत कळ आली तर नंबर फिरवून कोण देणार?

पोरांचा फोन येतो, नाही असं नाही. त्यावर म्हाताऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘बरंय, तुम्ही आपली काळजी घ्या.’ गुडघे धरलेत, झोप लागत नाही, बीपीच्या गोळ्या संपल्यात, हे सगळं बरोबरीच्या माणसालाच सांगितलं जातं. म्हणून शेजारच्या दोघा-तिघांची जोडी लावून द्यावी. सकाळी एकमेकांच्या दारात डोकवायचं, दिवस वर आला तरी कडी निघाली नाही तर आशाताईला कळवायचं. ज्याला चालवतं त्यानं गिरणीवरून दळण आणावं. ज्याला चालवत नाही पण दिसतं, त्यानं गोळ्यांची पाकिटं बघून द्यावीत. दोन्हीकडून देणं-घेणं असलं की उपकाराचं ओझं वाटत नाही. (फक्त बांधावरून बोलणं बंद असलेल्या दोघांना एका जोडीत घालू नका.)

यावर ‘पारावर बसतातच की सगळे’ असं कुणी म्हणेल. पारावर पुरुष बसतात, भजनी मंडळातही तेच. नवरा गेलेली म्हातारी ओसरी सोडून कुठं जाणार? शिवाय आपल्याकडे बसण्याच्या जागांनाही जात असते, हे लिहायला संकोच कशाला करायचा? तेव्हा जोड्या गल्लीवार, वस्तीवार, तांड्यावार लावाव्यात. बायांना आठवड्यातून एकदा दुपारी, पोरं घरी गेल्यावर, अंगणवाडीची खोली उघडून द्यावी. तेवढ्याला निधी लागत नाही.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथं २००६ पासून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आजीबाई बसतात आणि मन खचलेल्यांचं ऐकून घेतात. पण इतक्या लांब जायची गरज नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत गावातल्याच बायांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर फिरून सरकार आणि गावकरी यांना जोडायचं काम केलं होतं. त्याही साध्याच गावकरी बाया होत्या.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा सहसा टोळ्या निघण्याच्या तोंडावर येते. सरपंच-ग्रामसेवकांनी श्रावणबाळची यादी समोर ठेवून एकट्या राहणाऱ्यांची नावं काढावीत, यादीबाहेरचे आशाताईला विचारावेत आणि जोड्या तिथंच लावाव्यात. मुकादमाची गाडी दारात येण्याआधी प्रत्येक लेकाकडे आई-बापाच्या जोडीदाराचा मोबाइल नंबर लिहून दिलेला असावा.

– एक निवृत्त शिक्षक, ता. धारूर, जि. बीड