डावा हात मांडीवर ठेवून बघणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुम्ही माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असाल पण मला दुसरं काही म्हणवत नाही. आठ दिवस झाले तुम्हाला मेसेज टाईप करतोय आणि खोडतोय. नुसतं थँक्यू पाठवलं तर तुम्ही एक अंगठा टाकून मोकळ्या व्हाल आणि माझं मनातलं मनातच राहील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो. नाव घेत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

बाकीच्यांना थोडं सांगायला पाहिजे. मी नाशिकला सिडकोत राहतो, मागच्या खोलीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. आधी पखवाज वाजवायचो, निवृत्तीनाथांच्या पालखीला त्र्यंबकहून निघून कितीतरी मुक्काम वाजवत गेलोय. २०१९ ला मुंबई नाक्याजवळ गाडीवरून पडलो, तेव्हापासून डाव्या हाताची तीन बोटं नीट मिटत नाहीत, दाब धरून ठेवता येत नाही. पखवाजात डावा हात गेला की धुम, म्हणजे डावीकडचा खर्जाचा आवाज, गेली, मग राहिलं काय. कणीक मळताना बायकोच्या हाताकडे बघवत नव्हतं मला, पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याला, कणीक लावायची आठवण यायची.

मग रीपर नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग शिकलो, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवणं. माउसने एकावेळी एकच ट्रॅक, म्हणजे वेगळा रेकॉर्ड केलेला एकच आवाज हलतो, इकडे गाणाऱ्या महाराजांचा आवाज वर घ्यावा तर तिकडे टाळ कानात घुसतात, म्हणून जुना कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ हा हाताने हलवायचा छोटा कंट्रोलर घेतला. ८ फेडर म्हणजे वर-खाली सरकवायच्या दांड्या, ८ नॉब म्हणजे फिरवायची बटणं. आणि आमच्या एका अभंगाचे ट्रॅक असतात १४-१५. यावर उपाय म्हणजे शिफ्ट. एक बटण ठरवायचं, ते चालू असताना तेच आठ फेडर पुढच्या आठ ट्रॅकचे होतात आणि नॉब पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) सोडून रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) बघतात. कंट्रोलर कॉम्प्युटरशी ज्या भाषेत बोलतो त्या मिडीला यातलं काही कळत नाही, अमुक नंबरचा फेडर ० ते १२७ मध्ये कुठे आहे एवढंच ते सांगतं, १९८३ पासून तेच सांगतंय, त्याचा अर्थ लावायचं काम सॉफ्टवेअरचं.

एवढ्याशा गोष्टीसाठी मी वर्षभर लोकांच्या दारात फिरलो. पहिल्याने २५०० रुपये घेतले आणि बटण टॉगल करून दिलं, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. ऐकायला बरं वाटतं पण प्रोजेक्ट बंद करून उघडला की बटणाच्या मते शिफ्ट चालू आणि रीपरच्या मते बंद, दिवा एक सांगतोय आणि फेडर भलतंच करतायत. त्यातच एकदा महाराज स्वतः हेडफोन लावून बसले होते, माझा फेडर आधीच्या लेयरमुळे (शिफ्ट बंद हा एक लेयर, चालू हा दुसरा) वरच्या टोकाला होता, लेयर बदलला आणि मी त्याला नुसतं बोट लावलं, टाळ खालून एकदम फुल्ल. म्हाताऱ्या माणसाने हेडफोन उतरवून दोन मिनिटं कान धरला. बोलले काहीच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाला फोन केले, उचलले नाहीत, आजपर्यंत नाही.

दुसरे स्वतःला मोठे जाणकार म्हणवतात. त्यांनी टॉगल काढलं आणि दाबून धरायची शिफ्ट केली. म्हटलं मला धरता येत नाही हो, तर माझ्या मुलासमोर म्हणाले "अहो जग दाबूनच धरतं, त्यात काय एवढं, नाहीतर मोठा कंट्रोलर घ्या." मुलगा रात्री जेवला नाही नीट. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आणि मग तुम्ही आलात, म्हणजे खरं तर तुमच्या आई आल्या होत्या महिला मंडळाच्या रेकॉर्डिंगला आणि तुम्ही त्यांना सोडायला. अंबडला कंपनीत पीएलसीचं, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं काम करता एवढंच कळलं होतं. मी शिफ्टसाठी उजवा हात आडवा नेऊन बटण दाबतोय, मग फेडर हलवायला हातच उरत नाही, हे तुम्ही दाराजवळ उभ्या राहून बघत होतात. विचारलं काहीच नाही. चहा घेतला आणि म्हणालात "काका, हे रविवारी दोन तास मला द्याल का?"

रविवारी काय काय केलंत ते मी लिहीत बसत नाही, मला सगळं सांगताही येणार नाही. रीअलर्न नावाचं, रीपरला जोडायचं फुकट मिळणारं प्लगिन टाकलंत, शिफ्ट चालू की बंद हे लक्षात ठेवायचं काम बटणाकडून काढून रीपरकडे दिलंत, दिवाही आता रीपर लावतो त्यामुळे तो खोटं बोलत नाही. लेयर बदलल्यावर फेडर त्या ट्रॅकच्या आधीच्या पातळीला पोचेपर्यंत आवाजाला हातच लावत नाही, म्हणजे महाराजांचे कान वाचले. आणि कंट्रोलरवरचं 'सायकल' (Cycle) लिहिलेलं बटण शिफ्टसाठी असं केलंत की टिचकी मारली की शिफ्ट लागून राहते, परत टिचकी मारली की सुटते, पण कुणाला धरूनच ठेवायची असेल तर तशीही चालते, सोडली की जाते. मुलगा धरून वापरतो, मी टिचकी मारतो. दोघांचं एकाच बटणावर भागतं.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

सगळं झाल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, डावा हात उचलून मांडीवर ठेवलात, त्यावर ओढणी घेतलीत, आणि साडेसात मिनिटांचा अख्खा अभंग एकट्या उजव्या हाताने मिक्स करून बघितलात. एका ठिकाणी कोरस वर घेताना तुम्हाला उशीर झाला, तर थांबलात, "इथे जमत नाही," म्हणालात, कोरसचा फेडर शिफ्टच्या जवळ आणलात आणि परत पहिल्यापासून सुरू केलंत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो, बायकोने विचारलं काय झालं, मला बोलताच आलं नाही.

मदत करणारे मला खूप भेटले ताई, नाशिकमध्ये माणसांची कमी नाही. अपघातानंतर मंडळाने वर्गणी काढली, शेजाऱ्यांनी डबे दिले. पण मदत करताना बहुतेकांची नजर आधी हातावर जाते मग तोंडावर येते, आणि मग "अरेरे" येतं. ते वाईट नसतात, पण त्या "अरेरे"ने माणूस अजून थोडा बसतो. तुमच्याकडून ते आलंच नाही. माझा हात कसा आहे हे तुम्ही स्वतःचा हात बाजूला ठेवून समजून घेतलंत आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. पैशांचं विचारलं तर म्हणालात "आईला तिच्या अभंगाची चांगली कॉपी द्या." तुमच्या आईवडिलांनी काय शिकवलंय ते दिसतं.

कॉपी तयार आहे. दुसऱ्या चरणानंतर टाळ जास्त वाटतात असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात, ते कमी केलेत, एका हाताने, एका टेकमध्ये. पेनड्राइव्ह देवघरात ठेवलाय. आईंना घेऊन या, जेवायलाच या.