खोकं घ्याल, पण कोरडी हवा?

महोदय,

खानदेशातल्या महाविद्यालयांत प्लॅस्टिक आणि ठिबकच्या नळ्या तपासायला टेराहर्ट्झ स्पेक्ट्रोमीटर (नमुन्यातून टेराहर्ट्झ किरणं सोडून तो ती किती शोषतो हे मोजणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल, तर दरपत्रकात एक ओळ आधी पाहावी: कोरड्या नायट्रोजनची सोय आहे का?

पाण्याची वाफ ०.५५७, ०.७५२ आणि १.०९७ टेराहर्ट्झला किरणं शोषते. आलेखात तिथे खड्डे पडतात नि नवखा माणूस ते नमुन्याचेच समजतो. 'आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठाक' हा युक्तिवाद फसवा आहे. ४२ अंशांना १५ टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम पाणी. २० अंशांच्या खोलीत ५० टक्के आर्द्रतेला जवळपास तेवढंच असतं. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. वाफ हटवायला किरणांची वाट झाकून तीत नायट्रोजन सोडावा, आर्द्रतामापक आतच ठेवावा, आणि रिकामं (नमुन्याशिवायचं) मोजमाप नमुन्याच्या आधी व नंतर दोन्ही वेळा घ्यावं.

दुसरी चूक जाडीची. पॉलिएथिलीनची २ मिलिमीटरची पट्टी किरणांच्या स्पंदाला (क्षणिक झोताला) सुमारे ३.६ पिकोसेकंद (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) उशीर करते, त्यावरून अपवर्तनांक (पदार्थात किरणांचा वेग किती पट कमी होतो तो आकडा) १.५४ येतो. जाडी २.०५ धरली की तोच १.५३ च्या खाली घसरतो. मोजपट्टीने नव्हे, मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजा. नळीचा वाकडा तुकडा तसाच लावू नका, किरण विखुरतात. गरम दाबून सपाट चकती करा. काळ्या नळीतला कार्बनही किरणं खातो, तेव्हा चकती पातळच हवी.

– एक वाचक, जळगाव