मुलाच्या डोक्यावर हेल्मेट चढल्याशिवाय घाटात झेंडा पडू नये

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घोड्यांच्या शर्यतींत आणि बैलगाड्यापुढे घोडी पळवणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे करण्याबाबत.

महोदय,

मी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा आमच्या हजेरीपटावर उमटायला लागतात. सहावी-सातवीतली दोन-तीन मुलं हमखास गैरहजर. कुठे गेला म्हणून विचारलं की बाकीचा वर्ग एका सुरात सांगतो, "बाई, तो घाटात गेलाय. घोडीवर आहे."

ज्यांनी आमचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घाट म्हणजे चढावर तयार केलेली धावपट्टी. गाड्याला चार बैल, पुढे जुकाट आणि मागे धुरेची जोडी. या चौघांच्याही पुढे एक घोडी सुटते. बैल तिच्या मागे जीव खाऊन पळतात. झेंडा पडला की गाडा सुटतो. तिथून बारी, म्हणजे एका गाड्याची एक धाव, संपेपर्यंत बारा-तेरा सेकंद लागतात, फार तर पंधरा. घोडीवर बसणारा जितका हलका तितकी ती मोकळी पळते, म्हणून तिथे पोरगा बसवतात. खोगीर कित्येकदा नसतंच, पाठीवर घडी केलेली घोंगडी असते. डोक्याला फेटा.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका गावच्या यात्रेत मी घाटात होते, कारण माझ्या सातवीतल्या एका मुलाने हट्ट धरला होता. "बाई, एकदा तरी या ना बघायला." बारी सुरेख झाली. घोडी पुढे काढून त्याने निशाण ओलांडलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. निशाणापलीकडे घोडी आवरायला जी मोकळी जागा लागते तिथे मात्र माणसं मोबाईल उंच धरून उभी होती. एक जण आडवा आला, घोडी झटक्यात डावीकडे वळली आणि पोरगा उजवीकडे फेकला गेला. फेटा आधीच सुटून उडाला होता. बांधाच्या दगडावर त्याचं डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. ताशा वाजत होता, लाऊडस्पीकर चालू होता, तरी ऐकला.

तो लगेच उठला. चड्डी झटकली, हसला. कुणीतरी "वाघ आहे वाघ!" म्हणून त्याच्यावर भंडारा उधळला. तासाभराने दुसऱ्या एका गाड्यापुढे तो पुन्हा घोडीवर होता. मी त्याला अडवलं नाही. तो नीट बोलत होता, माझ्याशी बोलला, पाणी मागितलं त्याने, आणि मला वाटलं लागलं नाही फारसं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. आईला वाटलं ऊन लागलं, तिने तळपायाला कांद्याचा रस चोळला. मध्यरात्री तो हलवूनही जागा होईना. तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं आणि पहाटे ऑपरेशन झालं. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळत गेलं होतं. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं, की अशा दुखापतीत मार बसल्यावर काही तास माणूस अगदी ठणठणीत दिसू शकतो. त्या काही तासांत आम्ही त्याला परत घोडीवर बसवलं होतं.

तीन महिन्यांनी तो शाळेत आला. याच मुलाला एकोणतीसचा पाढा उलटा म्हणता यायचा. आता चार ओळींचं शाब्दिक उदाहरण वाचताना तिसऱ्या ओळीला पहिली ओळ विसरतो आणि पुन्हा वरून वाचायला लागतो. कानाच्या वर, जिथे टाके पडले, तिथे केस उगवत नाहीत, म्हणून वर्गातही टोपी काढत नाही. मी काढायला सांगत नाही. कवायतीला उन्हात उभा राहिला की डोकं धरून खाली बसतो. गावात सगळे म्हणतात, खंडोबाने वाचवला. वाचला, हे खरंच. पण रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभी असते आणि त्याचं काय गेलं ते मला दिसतं.

महोदय, विज्ञान मीच शिकवते, म्हणून थोडा हिशेब मांडते. मध्यम उंचीच्या घोडीवर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असतं. घोडी जागेवर उभी असताना तो नुसता खाली पडला, तरी डोकं ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगाने जमिनीला भिडतं. पळत्या घोडीचा वेग त्यात अजून धरलेला नाही. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा थर असतो, तो चेपतो आणि चेपताना आघाताचा जोर स्वतःवर घेतो. हेल्मेट मानेचं हाड वाचवत नाही, मेंदूला बसणारा प्रत्येक हादरा थोपवत नाही. कवटी फुटण्याचा आणि आत रक्त साकळण्याचा धोका मात्र ते पुष्कळ कमी करतं. माझ्या विद्यार्थ्याला नेमकं तेच झालं होतं.

घोड्यावर बसणाऱ्या मुलाने हेल्मेट घालावं, यात मी नवीन काही सांगत नाही. शहरातल्या रायडिंग क्लबमध्ये मुलाला हेल्मेटशिवाय घोड्याजवळ उभं करत नाहीत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा प्रत्येक जॉकी हेल्मेट घालून उतरतो. घोड्याकडून ठरलेल्या डौलदार चाली करून घेण्याच्या ड्रेसाज या प्रकारात तर उंच काळी टोपी घालायची शंभर वर्षांची रीत होती. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने 1 जानेवारी 2021 पासून तीही मोडली आणि घोड्यावर बसलेल्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं केलं. या बदलाची चर्चा पेटली ती 2010 मध्ये, जेव्हा बीजिंग ऑलिम्पिक खेळलेली अमेरिकेची कोर्टनी किंग-डाय सरावात पडली. घोडा स्वतःच्याच पायात अडखळला होता, तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि कित्येक आठवडे ती बेशुद्ध होती. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यांचे फोटो मी वर्गात लावले आहेत. चौघांच्याही डोक्यावर हेल्मेट आहे. फोटो लावले त्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडच्या पोरांना का नसतं?" मला उत्तर देता आलं नाही. क्लबची फी भरणाऱ्या मुलाच्या डोक्याची काळजी घेणारी व्यवस्था या राज्यात आहे, आणि कांदाकाढणीला जाणाऱ्या बाईच्या मुलासाठी ती नाही, हे मी सहावीच्या मुलीला कसं सांगू?

रस्त्यावर तर आपण बरेच पुढे गेलो आहोत. दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. चार वर्षांखालच्या बाळासाठीही केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये नियम केला : हेल्मेट, बाळाला बांधून ठेवणारा पट्टा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. नवीन दुचाकी विकताना सोबत हेल्मेट द्यावं, असाही नियम आहे. आमच्या यात्रांत पहिलं बक्षीस म्हणून दुचाकी ठेवलेली असते. ती जिंकून देणाऱ्या पोराचं डोकं मात्र उघडं.

बैलगाडा शर्यतींसाठी या भागाने किती वाट पाहिली ते मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा बंदीचा निकाल, 2017 ची कायदादुरुस्ती, 16 डिसेंबर 2021 ला मिळालेली परवानगी आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने केलेलं शिक्कामोर्तब, या सगळ्या तारखा आमच्याकडे पोरांना तोंडपाठ आहेत. त्या झगड्यातून बैलांच्या भल्याचे नियम आले. बैलाची डॉक्टरी तपासणी, चाबूक-काठीला मनाई, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा. फार चांगलं झालं. माझा विद्यार्थी पडला त्या यात्रेचं परवानगीपत्र मी नंतर यात्रा कमिटीकडून मागून घेऊन वाचलं. अटी भरपूर होत्या आणि बैलांविषयीच्या अटी वाचून मला समाधानच वाटलं. मुलाच्या डोक्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. ती एक ओळ लिहून घेण्यासाठी हे पत्र आहे.

ही ओळ लिहायला घेतली की "पारंपरिक यात्रा-जत्रांना सूट द्या" असं कुणीतरी नक्की सुचवेल. इथे मला अमेरिकेतल्या फ्लोरिडाची गोष्ट सांगायची आहे. तिथे घोड्यावरून पडून बारा वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या आईवडिलांच्या धडपडीतून 2009 मध्ये कायदा झाला, तो तिच्याच नावाने ओळखला जातो. सोळा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक जागी घोड्यावर बसताना हेल्मेट घालायलाच हवं. पण त्याच कायद्यात एक फट राहिली. ज्या खेळांत आणि मिरवणुकांत पूर्वापार हेल्मेटची रीत नाही, तिथे भाग घेणाऱ्या मुलांना सूट मिळाली. म्हणजे जिथे घोडा सर्वात जोरात पळतो आणि गर्दी सर्वात जास्त असते, नेमकं तिथेच मूल उघडं पडलं. आपल्याकडे अशी फट राहिली तर सक्ती फक्त क्लबांपुरती उरेल, आणि तिथे तर मुलं आधीपासूनच हेल्मेट घालतात.

"हेल्मेट घालून कसला मर्दानी खेळ?" हेही ऐकून झालं आहे. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगात चिलखत घातलं होतं आणि डोक्याला वस्त्राखाली लोखंडी टोप होता, असं बखरी सांगतात. चौथीच्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवते. त्यांच्या शौर्यात त्या टोपाने काही उणं आलं, असं आजवर एकाही मुलाने म्हटलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर मुलांचं घोडेस्वारीचं हेल्मेट दोन-चार हजारांत मिळतं. मी एक विकत आणलं. घरोघरी देता येणार नाही म्हणून सरावाच्या वेळी आळीपाळीने घालायला ठेवलं. पहिल्या दिवशी पोरं लाजली, दुसऱ्या दिवशी नंबर लावायला लागली. एका गाडामालक आजोबांनी ते बराच वेळ हातात फिरवून पाहिलं, आत बोटं घालून मऊ भाग दाबून पाहिला. बोलले काहीच नाहीत. मग घोडीच्या कपाळाला लावायला आणलेल्या भंडाऱ्याचं एक बोट त्यांनी हेल्मेटलाही लावलं. तो पिवळा ठसा मी पुसलेला नाही. आमच्या लोकांना हे नको आहे, असं आपल्याला कुणी सांगितलं तर हा ठसा पाहायला माझ्या शाळेत या.

मुलांनी घोडीवर बसावंच का, हा प्रश्न मला पडत नाही असं नाही. वयाची अट असावी, असं माझं मत आहे. पण उद्या सरसकट बंदी आली तर ही मुलं पहाटे माळावर, कुणाच्या नजरेला न पडता घोडी पळवतील, हेही मला दिसतं. म्हणून आधी डोकं झाकू या. वयाच्या अटीसाठी मी स्वतंत्र पत्र लिहीन.

आपल्याकडे मागणं थोडंच आहे. पशुसंवर्धन आणि गृह विभागाला सोबत घेऊन असा आदेश काढा, की शर्यतीच्या परवानगीतच हेल्मेटची अट असेल. अठरा वर्षांखालच्या स्वाराच्या डोक्यावर पट्टा आवळलेलं हेल्मेट नसेल तर झेंडा पडणार नाही. ती बारी बाद, आणि त्याची जबाबदारी कमिटीची, मुलाच्या आईबापाची नव्हे. कमिटी मंडप भाड्याने आणते, स्पीकर आणते, तशी तीन मापांची दहा हेल्मेटं ठेवणं तिला जड नाही. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. मोटारसायकलचं हेल्मेट मुलाच्या मानेला जड होतं, कान झाकतं, बाजूचं दिसू देत नाही, आणि आमच्या घाटात बाजूचं दिसणं फार गरजेचं आहे. फेटा हेल्मेटखाली बांधू नये, हवा तर वरून गुंडाळावा. आणि जो मुलगा पडून डोक्यावर आपटला, त्याने त्या दिवशी पुन्हा घोडीवर बसायचं नाही, तो कितीही हसत असला तरी. ही शेवटची अट मला हेल्मेटइतकीच महत्त्वाची वाटते. तिला पैसाही लागत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर सारंगखेड्यापासून करता येईल. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तो घोडेबाजार देशभर माहीत आहे आणि शासनाचा पर्यटन विभागही त्या यात्रेशी जोडला गेला आहे. त्यानंतर लगेच नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची यात्रा येते. या दोन ठिकाणी हेल्मेट घातलेली पोरं लोकांनी पाहिली की चैत्रापर्यंत आमच्या घाटांत वेगळं समजावत बसावं लागणार नाही.

यंदा त्याच घोडीवर माझ्या विद्यार्थ्याचा चुलतभाऊ बसणार आहे. पाचवीत आहे. भुवयांच्या वरून सुतळी धरून मी त्याचं डोकं मोजून ठेवलं आहे, घेर 52 सेंटीमीटर भरला.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, पुणे जिल्हा