सूचना : बालगंधर्व पुण्यतिथी, १५ जुलै

नमस्कार मंडळी,

येत्या १५ जुलैला संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत जमायचंय. यंदा भाषण नाही, फक्त नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं, गाणं. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्यांनी कापडात गुंडाळून आणाव्यात. ग्रामोफोनला नवी सुई बसवली आहे.

सुरुवात ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या पदांनी. १२ मार्च १९११ ला पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लेक गेली. तरी ते नाटकाची नायिका भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. हे आठवलं की आजही गलबलून येतं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात ते एकच ओळ किती तऱ्हांनी फिरवून आणतात, ते ऐका. मध्ये कृपया बोलू नये.

येणाऱ्यांनी दोन दिवस आधी कळवावं, सतरंज्या मागवायच्या आहेत.