झटका तारेवर घरातला मीटर लावू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती होऊन भात लोंबीवर आले की खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, गुंजी आणि लोंढ्याच्या आसपासच्या गावांत, शेतकऱ्याची झोप उडते. भीमगड अभयारण्याला लागून असलेल्या या पट्ट्यात रानडुकरे आणि गवे एका रात्रीत वर्षभराचे पीक तुडवून जातात. माळ्यावर बसून राखण करणारी माणसे आता घरोघरी उरलेली नाहीत, त्यामुळे गेल्या काही वर्षांत सौरऊर्जेवर चालणारी, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन बऱ्याच शिवारांत आली आहेत. त्यांना माझा विरोध नाही. मोटार रिवाइंडिंग आणि दुरुस्तीच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, अशी मशीन मी स्वतः दुरुस्त करतो आणि नीट बसवलेले कुंपण जनावराला न मारता परतवते हे मी पाहिले आहे. माझी काळजी वेगळी आहे. त्या तारेत करंट आहे की नाही आणि असला तर किती, हे पाहण्यासाठी आपली माणसे जे यंत्र हातात घेतात आणि ते ज्या पद्धतीने वापरतात, त्याविषयी मला लिहायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा एक तरुण बंद पडलेला मल्टिमीटर घेऊन माझ्याकडे आला. मीटरच्या तबकडीवर १,००० व्होल्ट लिहिले होते, म्हणून त्याने काळी पिन डाव्या हाताने ओल्या जमिनीत धरली आणि लाल पिन झटका तारेला लावली. पडदा क्षणात काळा झाला आणि त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत झिणझिणले. मीटर उघडून पाहिला तेव्हा आतल्या पट्टीवर ठिणगी धावल्याची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. त्याच्या समोर प्रमाणित मशीनचा झटका होता म्हणून तो चालत घरी गेला. मीटर किती रुपयांचा, असे त्याने विचारले. मला मात्र त्याच्या दोन्ही हातांच्या मधोमध असलेल्या छातीचीच भीती वाटत राहिली.

असे का झाले हे समजून घेणे अवघड नाही. झटका मशीन तारेवर सतत वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एक असा ठोका ती देते, तो ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, पण तेवढ्या वेळात तारेवरचा दाब ५,००० ते ८,००० व्होल्टपर्यंत चढतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा ठोक्यातील ऊर्जा ५०० ओहमच्या भारावर ५ ज्यूलपेक्षा जास्त असता कामा नये, आणि दाब एवढा मोठा असूनही जनावर मरत नाही ते या मर्यादेमुळे. घरातला डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे इतका आखूड ठोका त्याला पकडताच येत नाही. पडद्यावर कधी ४०, कधी ३०० असे काहीतरी उमटते आणि शेतकऱ्याला वाटते की मशीन कमजोर झाले. शिवाय मीटरच्या आतले अंतर, त्याच्या पिना आणि वायरीवरचे आवरण ६०० किंवा १,००० व्होल्टसाठीच केलेले असते. त्यावर सहा-सात हजार व्होल्ट आले की वीज आवरण भेदून जाते, आणि ते आवरण नेमके आपल्या मुठीत असते.

या कामासाठी कुंपणाचा व्होल्टमीटर वेगळा मिळतो आणि तो फार महागही नसतो. त्यात ठोक्याचा सर्वोच्च दाब धरून ठेवण्याची सोय असते, आकडा किलोव्होल्टमध्ये येतो, म्हणजे ६.२ दिसले तर ६,२०० व्होल्ट समजायचे, आणि त्याला एका लांब वायरीने जोडलेला धातूचा खिळा असतो. हा खिळा जमिनीत रोवणे हीच मोजणीतली पहिली पायरी आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकवली जाते. आधी खिळा ओल्या जमिनीत वीतभर खोल रोवायचा, मग हात खिळ्यापासून आणि वायरीपासून दूर घेऊन, फक्त मीटरच्या प्लास्टिकच्या अंगाला धरून त्याचा हुक तारेला लावायचा आणि चार-पाच ठोके होईपर्यंत थांबायचे. काढताना क्रम उलटा, म्हणजे तारेवरचा हुक आधी आणि जमिनीतला खिळा शेवटी. तार लावलेली असताना खिळा उपटला, तर जमिनीकडे जाण्याची वाट शोधणाऱ्या विजेला मीटर धरणाऱ्या माणसाचे शरीर सापडते. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा, पायांत कोरडे रबरी बूट असावेत, आणि आभाळ गडगडत असेल तर कुंपणाच्या जवळही जाऊ नये, कारण दूर कुठे पडलेली वीजसुद्धा त्या लांब तारेवरून आपल्यापर्यंत येऊ शकते.

आपल्याकडच्या जांभ्या जमिनीचा इथे मुद्दाम उल्लेख करतो. पावसाळ्यात ती ओल धरते, पण माघ-फाल्गुनात इतकी कोरडी पडते की खिळ्याला जमीन म्हणून मिळतच नाही आणि चांगल्या मशीनचाही आकडा निम्म्यावर येतो. अशा वेळी खिळ्याच्या जागी तांब्याभर पाणी ओतून दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे, मशीनला दोष देण्याची घाई करू नये. मोजणीची सुरुवात मशीनपासून करावी. कुंपणाची तार सोडून नुसत्या मशीनचा दाब, मग तार जोडून पहिल्या खांबाजवळचा, आणि मग शेताच्या टोकाचा. पहिल्या दोन आकड्यांत फार फरक पडला तर तारेला गवत टेकले आहे, कुठे इन्सुलेटर फुटला आहे किंवा तार खांबाला चिकटली आहे असे समजावे. रानडुकराच्या राठ कातडीला निदान ३,००० ते ४,००० व्होल्ट लागतात. टोकाला त्यापेक्षा कमी मिळत असेल तर आधी गवत कापावे.

मशीनच्या अर्थिंगची परीक्षा तर फार थोडे लोक करतात. मशीन बंद करून सुमारे १०० मीटरवर दोन-तीन लोखंडी सळ्या जमिनीत ठोकून तारेला टेकवाव्यात, मग मशीन सुरू करून कुंपणावरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला आहे हे पाहावे, आणि त्यानंतर त्याच कुंपणाच्या मीटरने अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर, मीटरचा खिळा वायर पुरेल तितका दूर रोवून, मोजावे. तिथे ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग अपुरे आहे आणि आणखी सळ्या ठोकायला हव्यात, त्याही एकमेकींपासून सुमारे तीन मीटर अंतर ठेवून. हे अर्थिंग घराच्या, पंपाच्या किंवा टीसीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगपासून निदान १० मीटर दूरच असले पाहिजे. जागा वाचवण्यासाठी पंपघराच्या सळईलाच मशीन जोडल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे, आणि तसे केल्यास पंपाच्या लोखंडी अंगावर झटके येतात किंवा, त्याहून वाईट, पंपाचा दोष कुंपणात उतरतो.

यापुढचे वाक्य कृपया ठळक छापावे अशी माझी विनंती आहे. कुंपणाच्या मीटरवर शून्य दिसले याचा अर्थ तार मेलेली आहे असा होत नाही. तो मीटर हजारांत मोजण्यासाठी केलेला असतो. कोणी रात्री चोरून कुंपणाला सरळ घरगुती २३० व्होल्टचा फेज जोडला असेल, तर बरेचसे कुंपण-मीटर तो दाखवणारच नाहीत, आणि माणूस मरायला तेवढा फेज पुरेसा आहे. झटका मशीनचा ठोका सोडतो तरी, ही वीज धरून ठेवते. असे जोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात जनावरांइतकीच पहाटे शेतावर निघालेली माणसेही सापडतात. म्हणून अनोळखी कुंपणाला मीटर लावण्यापूर्वी ती तार कोणाची, मशीन कुठे बसवले आहे आणि ते बंद आहे का, हे मालकाला विचारावे. तारेजवळ मेलेले जनावर दिसले तर हात न लावता आधी लाइनमनला बोलवावे.

कुंपणाबद्दल लिहिताना मला स्वतःचा एक प्रसंग लपवता येणार नाही, कारण तीच चूक आज मीटर विकत घेणारा प्रत्येक मुलगा करू शकतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात थ्री फेज स्टार्टरवर काम करताना मी आधी करंट मोजला आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली. मग त्याच पिना मी दोन फेजांवर टेकवल्या. त्या भोकाच्या आत जवळजवळ शून्य ओहमची पट्टी असते, म्हणजे मी हातातल्या वायरीने ४०० व्होल्टचे दोन फेज एकमेकांना जोडले. त्या मीटरमध्ये मूळचा वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज उडाल्यावर माझ्याच हाताने मी साधा काचेचा फ्यूज टाकला होता. तो तुटला खरा, पण आत ठिणगी पेटत राहिली, मीटर फुटला आणि माझ्या उजव्या तळहाताची कातडी सोलली गेली. माझ्याबरोबर शिकायला असलेला मुलगा दोन पावले मागे उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून मीटरमध्ये कंपनीने सांगितलेल्या दाबाचा आणि प्रकाराचाच फ्यूज असला पाहिजे, तारेचा तुकडा किंवा काचेची नळी नव्हे, हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाकडून पाठ करून घेतो.

मीटरच्या भोकांजवळ कॅट २, कॅट ३, कॅट ४ अशी, मीटर कोणत्या जागी वापरायचा तो वर्ग सांगणारी जी अक्षरे छापलेली असतात, ती नुसत्या व्होल्टच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहेत. दुकानातला ६०० व्होल्टचा स्वस्त मीटर टीव्हीच्या प्लगवर चालेल, पण पंपाच्या स्टार्टर पेटीत किंवा टीसीजवळच्या मीटर पेटीत मोटार सुरू-बंद होताना आणि विजा कडाडताना क्षणभरासाठी काही हजार व्होल्टचे धक्के येतात. ६०० व्होल्ट कॅट ३ च्या मीटरची कसोटी ६,००० व्होल्टच्या धक्क्याने घेतलेली असते, कॅट ४ ची ८,००० व्होल्टच्या. स्टार्टरसाठी कॅट ३ आणि सर्व्हिस वायरीच्या तोंडाशी कॅट ४ असलेला मीटर आणि त्याच दर्जाच्या पिना घ्याव्यात. वायरीला चीर असेल तर टेप गुंडाळू नये, नवीन जोडी घ्यावी. वीज बंद केली आहे असे समजून हात घालण्यापूर्वी मीटर आधी चालू फेजवर, मग बंद केलेल्या जागी आणि पुन्हा चालू फेजवर लावून पाहावा. मधल्या काळात मीटरच बंद पडला असेल तर तो शून्यच दाखवणार, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून गेलेली माणसे आमच्या धंद्यात सगळ्यांनी पाहिली आहेत.

सौर पंपाच्या पॅनेलची गोष्ट थोडी निराळी आहे. दहा पॅनेल एकापुढे एक जोडली की दुपारी ४५० ते ५०० व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब सहज तयार होतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते, डीसीला ती संधी नाही. पॅनेलची जोडणी भार चालू असताना ओढून काढू नये आणि मीटरची चावी आधी डीसी व्होल्टवर आहे याची खात्री करून मगच पिना लावाव्यात.

काही वर्कशॉपमध्ये पावडर कोटिंगच्या बंदुकीसाठी किंवा जुन्या टीव्हीसाठी हजारास एक असा, म्हणजे दाब हजारपट कमी करून मीटरला देणारा, उच्च दाबाचा प्रोब वापरतात. त्याची काळी क्लिप आधी पक्क्या जमिनीला लावल्याशिवाय त्याला हातही लावू नये. तो प्रोब आतला रोध १० मेगाओहम असलेल्या मीटरसाठी बनलेला असतो. १ मेगाओहमच्या जुन्या मीटरला जोडला तर तो साधारण निम्माच आकडा दाखवतो आणि माणूस धोका निम्मा समजतो. हा प्रोब ११ केव्हीच्या लाइनीवर कधीही, कोणत्याही कारणाने लावू नये. त्या लाइनीमागे उभी असलेली ताकद प्रोब, मीटर आणि धरणारा हात तिन्ही जाळून टाकील, आणि ते मोजण्याचे काम वीज कंपनीच्या प्रशिक्षित माणसांचेच आहे.

या सगळ्या सूचना मशीन आणि मीटरच्या खोक्यात बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. आपल्या तालुक्यात ज्याच्या हातात तो मीटर जातो, त्याला मराठी वाचता येते किंवा कन्नड. म्हणून माझी मागणी साधी आहे. झटका मशीन आणि मीटर विकणाऱ्या दुकानदारांनी एक पानभर सूचना दोन्ही भाषांत खोक्यासोबत द्याव्यात. होबळीच्या (तालुक्यातील महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रांनी, म्हणजे कृषी खात्याच्या केंद्रांनी, आणि ग्रामपंचायतींनी भात कापणीच्या आधी, म्हणजे कुंपणे रात्रभर चालू असतात त्या दिवसांत, प्रत्येक गावी एकदा खिळा रोवून मोजणी करून दाखवावी. पंचायतीने असा एक कुंपण-मीटर विकत घेऊन गावासाठी ठेवला तर दहा जणांना दहा चुकीचे मीटर घ्यावे लागणार नाहीत. माझ्या गावच्या पंचायतीसाठी ते पान मराठीत लिहून देण्यास आणि पहिली मोजणी स्वतः करून दाखवण्यास मी तयार आहे. कन्नड मजकुरासाठी शाळेतील शिक्षकांची मदत मिळेल.

आपला विश्वासू,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर
ता. खानापूर, जि. बेळगाव